फ्रेंच पद्धतीचं खाणं : काय घ्यावं, काय सोडावं?

लोणी लावलेला पाव, चीज, चॉकलेट आणि जेवणानंतर काहीतरी गोड. एवढं सगळं खाऊनही फ्रेंच माणसं सडपातळ कशी राहतात, हा प्रश्न जगभरातल्या डाएट करणाऱ्यांना गेली तीसेक वर्षं छळतो आहे. त्यावर पुस्तकं निघाली, टीव्हीवर कार्यक्रम झाले आणि आता मोबाइलवर रील्स येतात. ‘कॅलरी मोजू नका, फ्रेंच बायकांसारखं खा आणि बारीक व्हा’ असं सांगणारी एखादी रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल.

सल्ला ऐकायला छान आहे. भात सोडायचा नाही, गोड बंद करायचं नाही, उपाशीही राहायचं नाही. पण त्यात खरं किती आणि जाहिरात किती? आणि पोळी, भाजी, वरण, भात जेवणाऱ्या घरात त्यातलं काय उपयोगी पडेल? या पद्धतीत फायद्याच्या गोष्टी नक्कीच आहेत. तशा न घेण्यासारख्याही बऱ्याच आहेत. दोन्ही बाजू पाहूनच ठरवलेलं बरं.

ही कल्पना आली कुठून?

१९९१ मध्ये अमेरिकेत ‘सिक्स्टी मिनिट्स’ या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात सर्ज रनो हे फ्रेंच शास्त्रज्ञ आले होते. फ्रेंच लोक लोणी, चीजसारखे स्निग्ध पदार्थ भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकारानं होणारे मृत्यू अमेरिकेपेक्षा कमी आहेत, याचं एक कारण रेड वाइन असावं, असं त्यांनी सांगितलं. ‘फ्रेंच पॅरॅडॉक्स’ म्हणजे फ्रेंच विरोधाभास हा शब्द तिथून घरोघरी पोहोचला. अमेरिकेत रेड वाइनची विक्रीही झपाट्यानं वाढली.

पुढे २००४ मध्ये मिरेय गिलियानो यांचं ‘फ्रेंच विमेन डोन्ट गेट फॅट’ हे पुस्तक आलं आणि धडाक्यात खपलं. लेखिका तरुणपणी शिकायला अमेरिकेत गेल्या, तिथे त्यांचं वजन वाढलं. परत आल्यावर वडिलांनी त्यांना बटाट्याच्या पोत्याची उपमा दिली. मग घरच्या डॉक्टरांनी त्यांना कांद्याच्या जातीतल्या लीक या भाजीचं सूप घ्यायला सांगितलं आणि कमी प्रमाणात, पण चवीनं खायला शिकवलं, अशी ती कहाणी. गिलियानो या एका प्रसिद्ध फ्रेंच शँपेन कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रमुख होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. वाइनचं कौतुक त्यांच्या व्यवसायाला पूरकच होतं.

२०१२ मध्ये फ्रेंच मुलांच्या खाण्यावर दोन पुस्तकं गाजली. एक अमेरिकन आईनं लिहिलेलं, दुसरं कॅनडातल्या आईनं. फ्रेंच मुलं भाज्या कुरकुर न करता कशी खातात, हा दोघींचा विषय.

इथे एक घोळ टाळायला हवा. पिएर द्युकां या फ्रेंच डॉक्टरांचं ‘द्युकां डाएट’ही फ्रेंचच. पण त्यात सुरुवातीला जवळजवळ नुसती प्रथिनं खायची असतात. ते फ्रेंच माणसाच्या रोजच्या जेवणाच्या अगदी उलट आहे. २०१० मध्ये फ्रान्सच्याच अन्नसुरक्षा संस्थेनं अशा वजन उतरवणाऱ्या डाएट्सच्या धोक्यांबद्दल इशारा दिला होता. या लेखात आपण बोलतो आहोत ते फ्रेंच लोकांच्या रोजच्या खाण्याच्या पद्धतीबद्दल.

फ्रेंच माणूस जेवतो कसा?

दिवसाला तीन जेवणं, तीही ठरलेल्या वेळी. सकाळी हलका नाश्ता, दुपारी साडेबारा ते दीडच्या सुमारास जेवण, रात्री साधारण आठला जेवण. दुपारी एक वाजता फ्रान्समधली निम्मी माणसं जेवायला बसलेली असतात, असं तिथल्या सरकारी पाहणीत दिसून आलं आहे. मुलांसाठी शाळा सुटल्यावर चार-साडेचारला एक छोटं खाणं असतं. त्याला ‘गूते’ म्हणतात. पाव आणि चॉकलेट, एखादं फळ किंवा दही असं काहीतरी. त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत काही नाही.

जेवण क्रमानं येतं. आधी सॅलड किंवा सूप, मग मुख्य पदार्थ, मग थोडं चीज आणि शेवटी गोड. घरी रोजचं ‘गोड’ म्हणजे बहुतेक वेळा फळ किंवा दही असतं. केक-पेस्ट्री पाहुणे आले की किंवा रविवारी. जेवताना पाणी प्यायचं, टेबलाशी बसून जेवायचं आणि घरातल्यांनी एकत्र जेवायचं, हा शिरस्ता. फ्रेंच माणूस दिवसातले दोन तासांहून जास्त वेळ खाण्यापिण्यात घालवतो, अमेरिकन माणूस साधारण तासभर. तरी जास्त खातो तो अमेरिकन.

सणासमारंभाला असं क्रमवार, निवांत, सगळ्यांनी मिळून जेवण्याची ही रीत युनेस्कोनं २०१० मध्ये जागतिक सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तिथे गौरव झाला तो या एकत्र बसण्याचा. कुठल्या एका पदार्थाचा नाही.

फायद्याच्या गोष्टी

ताटात मुळातच कमी : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पॅरिस आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांतल्या हॉटेलांतले पदार्थ चक्क वजन करून पाहिले. पॅरिसमध्ये एका माणसाला सरासरी २७७ ग्रॅम वाढलं जायचं, फिलाडेल्फियात ३४६ ग्रॅम. म्हणजे अमेरिकन ताट सुमारे २५ टक्के मोठं. त्यांनी मॅकडोनाल्ड्समध्ये बसलेल्यांचा वेळही मोजला. पॅरिसची माणसं सरासरी २२ मिनिटं खात होती, फिलाडेल्फियाची १४. पॅरिसमध्ये अन्न कमी आणि वेळ जास्त. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला थोडा अवधी लागतो. सावकाश जेवणाऱ्याला ती जेवतानाच होते, भराभर जेवणाऱ्याला ती जेवण झाल्यावर होते.

मधल्या वेळचं खाणं नाही : २००७ पासून फ्रान्समध्ये पाकीटबंद खाद्यपदार्थ आणि गोड पेयांच्या जाहिरातींसोबत आरोग्याचा एक संदेश द्यावा लागतो. रोज किमान पाच फळं-भाज्या खा, फार गोड, खारट, तेलकट टाळा आणि दोन जेवणांच्या मध्ये चरत राहू नका. ‘चरणं’ हा शब्द मराठीतही याच अर्थी आहे, ही गंमतच. वेफर्स, बिस्किटं, शेव, फरसाण यांचा हिशेब कुणी ठेवत नाही, कारण ते ‘जेवण’ नसतं. वजन मात्र त्यांचाही हिशेब ठेवतं.

अपराधीपणा नाही : रोझिन यांनीच चॉकलेट केक म्हटल्यावर मनात काय येतं, असं लोकांना विचारलं होतं. अमेरिकनांचा कल ‘अपराधी वाटतं’ याकडे होता, तर फ्रेंचांचा ‘आनंदाचा प्रसंग’ याकडे. ज्याला गोड म्हणजे पाप वाटतं, तो आठवडाभर स्वतःला रोखतो आणि एका रात्री डबा रिकामा करतो. ज्याला ते जेवणाचाच एक भाग वाटतं, त्याचं एका तुकड्यात भागतं. हे सगळ्यांनाच लागू पडेल असं नाही, पण सारखं ‘बंदी आणि बंडखोरी’ करत डाएट करणाऱ्यांनी विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

मुलांसाठी वेगळा स्वयंपाक नाही : फ्रेंच घरात मोठ्यांचं तेच मुलांचं. नवी भाजी मुलानं नाकारली तरी ती परत परत थोडी-थोडी पानात येत राहते. यामागे शास्त्रही आहे. एखादी नवी चव आवडायला मुलाला ती आठ-दहा वेळा चाखावी लागू शकते. आपण मात्र दोनदा नकार मिळाला की ‘याला दुधी चालत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो.

यामागे फक्त इच्छाशक्ती नाही

रील्समध्ये एक गोष्ट हमखास गाळलेली असते. फ्रेंच बाई कमी खाते ती तिच्या मनाच्या निग्रहावर, असं तिथे दाखवलं जातं. प्रत्यक्षात तिच्या आजूबाजूची व्यवस्थाच तशी बांधलेली आहे.

तिथल्या शाळांच्या कँटीनमध्ये सॅलड, मुख्य पदार्थ, भाजी, दूध किंवा चीज आणि फळ असं चार-पाच भागांचं जेवण मिळतं. २०११ च्या सरकारी नियमानुसार सलग २० जेवणांचा हिशेब धरून तळलेलं किती वेळा, भाजी किती वेळा हे ठरवावं लागतं. केचप, मेयोनीज मुलांना हवं तितकं घेता येत नाही. पाणी आणि पाव मात्र हवा तेवढा. २००५ पासून शाळांमध्ये चॉकलेट-कोल्ड्रिंकची यंत्रं नाहीत. २०१७ पासून हॉटेलांमध्ये ‘एकदा पैसे द्या, हवं तेवढं कोल्ड्रिंक घ्या’ या योजनेला बंदी आहे. कामगार कायद्यानुसार कर्मचाऱ्यांना कामाच्या जागेवरच जेवायला बसवता येत नव्हतं. करोनाकाळात, २०२१ मध्ये, हा नियम तात्पुरता सैल करावा लागला तेव्हा जगाला त्याचा पत्ता लागला.

थोडक्यात, शाळा, कंपनी, कायदा आणि शेजारपाजार सगळेच एका वेळी जेवत असतील, तर वेळेवर जेवणं सोपं जातं. आपल्याकडे दुपारचा डबा कॉम्प्युटरसमोर उघडला जातो, संध्याकाळी ऑफिसात समोसे येतात आणि घरी पोहोचायलाच नऊ वाजतात. अशा दिवसात एकट्या बाईनं किंवा पुरुषानं ‘फ्रेंच’ व्हायचं म्हटलं, तर ते अवघड जाणारच. जमलं नाही तर तो तुमच्या निग्रहाचा दोष नाही.

आता दुसरी बाजू

वाइनचा मुद्दा उरलेला नाही : हृदयासाठी रोज एक ग्लास वाइन चांगली, हे वाक्य अजूनही फिरतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही. दारूमुळे होणाऱ्या कर्करोगांचा धोका पहिल्या थेंबापासून सुरू होतो. खुद्द फ्रान्समध्ये २०१५ या एका वर्षात सुमारे ४१,००० मृत्यू दारूमुळे झाल्याचा सरकारी आरोग्य संस्थेचा अंदाज आहे. १९५६ पर्यंत तिथल्या शाळांत लहान मुलांनाही जेवणात वाइन दिली जायची. ती चूक त्यांनी सुधारली. घरात कुणी दारू पीत नसेल, तर ‘हार्टसाठी’ म्हणून सुरू करण्याचं काहीही कारण नाही.

विरोधाभास वाटतो तेवढा पक्का नाही : १९९९ मध्ये माल्कम लॉ आणि निकोलस वॉल्ड या ब्रिटिश तज्ज्ञांनी एक साधा मुद्दा मांडला. फ्रान्समध्ये प्राण्यांपासून मिळणाऱ्या स्निग्ध पदार्थांचं खाणं ब्रिटनच्या मानानं अलीकडे वाढलं, आणि हृदयविकार तर अनेक वर्षांच्या खाण्यानंतर दिसतो. शिवाय तिथे हृदयविकाराचे काही मृत्यू वेगळ्या कारणाखाली नोंदले जात होते. म्हणजे भरपूर लोणी खाऊनही हृदय सुरक्षित राहतं, असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. आपल्या तुपालाही तेच लागू.

फ्रेंच माणसंही जाड होत आहेत : १९९७ मध्ये फ्रान्समधले ८.५ टक्के प्रौढ लठ्ठ होते, २०२० मध्ये १७ टक्के. अमेरिकेच्या ४२ टक्क्यांपेक्षा हे बरंच कमी आहे, पण दोन दशकांत प्रमाण दुप्पट झालं. त्यातही गरीब भागांत आणि अंगमेहनतीची कामं करणाऱ्यांत लठ्ठपणा जास्त, वरच्या पगाराच्या लोकांत कमी. निवांत जेवायला वेळ आणि ताज्या भाज्यांना पैसा लागतो. पुस्तकातली सडपातळ फ्रेंच स्त्री बहुधा पॅरिसच्या सुखवस्तू वस्तीतली असते.

नाश्ता आणि डाळी : पांढरा पाव, लोणी, जॅम आणि कॉफी हा तिथला नेहमीचा नाश्ता. त्यात प्रथिनं आणि तंतू कमी, साखर जास्त. क्रोसाँ तर मैदा आणि लोण्याचाच. मटकीची उसळ, थालीपीठ, मुगाचं धिरडं, इडली-सांबार हे त्यापेक्षा किती तरी सरस. फ्रेंच जेवणात प्रथिनं मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि चीजमधून येतात. शाकाहारी माणसानं नुसता आकार पाहून फ्रेंच ताट उचललं, तर प्रथिनं कमी पडतील. डाळी-कडधान्यांच्या बाबतीत आपलं ताट पुढे आहे, ते मागे नेऊ नका.

बारीक असण्याचा दबाव : हा मुद्दा सर्वांत गंभीर. मुलीला बटाट्याचं पोतं म्हणणारा बाप त्या पुस्तकात गमतीनं आला आहे. पण प्रत्येक मुलगी ते गमतीनं घेत नाही. फ्रान्समध्ये मॉडेल्सच्या अतिबारीकपणाचा प्रश्न इतका वाढला, की २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरांचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं, आणि जाहिरातीतल्या फोटोत शरीर बारीक किंवा जाड दाखवलं असेल तर तसं छापणंही. ज्या समाजाच्या खाण्याचं आपण कौतुक करतो, त्यालाच असा कायदा करावा लागला. ‘तू जरा जास्तच खातेस’ हे वाक्य आपल्या लग्नकार्यांतही मुलींना ऐकावं लागतं. फ्रेंच पद्धतीच्या नावाखाली त्याला नवं निमित्त मिळायला नको.

आपल्या शरीराचं गणित वेगळं

वजनाचा काटा आपल्याला पूर्ण गोष्ट सांगत नाही. तेवढ्याच उंची-वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीयांच्या पोटाभोवती चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात. पोटाचा घेर स्त्रियांमध्ये ८० आणि पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या वर नको. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे.

दुसरीकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं आणि त्याच वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे एकाच घरात, कधी एकाच बाईच्या शरीरात, वजन जास्त आणि लोह कमी अशी अवस्था असते. अशा वेळी ‘कमी खा’ हा सल्ला अर्धवट आहे. भात-पोळी थोडी कमी करताना डाळ, उसळ, पालेभाजी, दही, अंडं यांतलं काहीतरी वाढलं पाहिजे.

कोणी ही पद्धत परस्पर सुरू करू नये?

इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी मधलं खाणं एकदम बंद केलं, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वजन कमी असलेली माणसं, भूक मंदावलेले आजी-आजोबा यांना थोडं-थोडं, पण जास्त वेळा खावं लागतं. लहान मुलांचं पोट छोटं असतं, त्यांना दोन जेवणांच्या मधलं खाणं लागतंच. फ्रान्समध्येही मुलांची ‘गूते’ बंद करत नाहीत. जेवण टाळणारी, खाऊन उलटी काढणारी, सतत वजन करणारी किशोरवयीन मुलगी किंवा मुलगा घरात असेल, तर तिथे कुठल्याही डाएटची चर्चा नको. तिथे डॉक्टरांची मदत घ्यायला हवी.

आपल्या घरात काय जमेल?

चीज आणि लीक शोधत बाजारात फिरायची गरज नाही. या पद्धतीतलं जे खरोखर उपयोगी आहे, ते आपल्या स्वयंपाकघरात बसतं.

कोशिंबीर आधी : आपल्या पानात सगळं एकदम वाढलं जातं. त्यातली कोशिंबीर किंवा भाजी आणि उसळ आधी सावकाश खा, भात-पोळी नंतर. पिष्टमय पदार्थ शेवटी घेतल्यास जेवणानंतर साखर कमी उसळते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

वाटी ठरवा : भात पातेल्यातून थेट पानात घेण्याऐवजी वाटीनं मोजून घ्या. श्रीखंड, बासुंदी, खीर छोट्या वाटीत, जेवणासोबत आणि सगळ्यांनी मिळून. रात्री अकराला फ्रिज उघडून चमच्यानं नको.

आग्रह आवरा : ‘अजून एक पोळी घ्याच’ यात माया असते. पण समोरच्यानं ‘पुरे’ म्हटलं की एकदाच विचारून थांबा. मुलांनाही पान साफ करण्याची सक्ती नको. त्याऐवजी आधीच कमी वाढा, हवं तर परत घेता येतं.

चहाचा हिशेब : दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन छोटे चमचे साखर, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. दिवसाची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असा सल्ला असतो. दोन कप कमी करा किंवा साखर अर्धी करा. चहासोबतची बिस्किटं आपोआप कमी होतील.

चार-साडेचारचं एकच खाणं : मुलं शाळेतून आली की एकदाच नीट बसवून द्या. फळ, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, दडपे पोहे, ताक, घरातलं जे असेल ते. नंतर जेवणापर्यंत डबे उघडायचे नाहीत, हा नियम मोठ्यांनाही.

वीस मिनिटं, फोनशिवाय : रोजची तीनही जेवणं जमणार नाहीत. एक जमेल. ते रात्रीचं असू द्या, शक्य असेल तर नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर.

सगळे एकदम बसा

शेवटचा मुद्दा वरच्या यादीत सहज बसत नाही, पण तोच सर्वांत महत्त्वाचा. फ्रेंच पद्धत सांगते, की बसून जेवा, सावकाश जेवा, एकत्र जेवा. आपल्या किती तरी घरांत गरम पोळी तव्यावरून थेट पानात पडते. त्यासाठी घरातली बाई उभी असते. सगळ्यांचं झाल्यावर ती जेवते, बरेचदा भांड्यात उरलेलं, कधी ओट्याशी उभं राहूनच. मुलांनी पानात टाकलेलं वाया जाऊ नये म्हणून खाते. स्वयंपाक करताना चाखत राहते. मग वजन वाढलं की डाएटच्या रील्सही तीच पाहते.

तिला ‘फ्रेंच बायकांसारखं सावकाश जेव’ असा सल्ला देऊन उपयोग नाही, कारण सावकाश जेवायला आधी बसायला मिळालं पाहिजे. पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या तर थोड्या निवतील, पण पाचही माणसं एका वेळी बसतील. वाढण्याचं काम आलटून पालटून करता येतं. पानं घेणं आणि ओटा आवरणं मुलगा आणि नवरा करू शकतात. स्वयंपाक आणि घरकामाचा मोठा वाटा फ्रान्समध्येही बायकांवरच पडतो, त्यामुळे ही अडचण तिथेही सुटलेली नाही. पण निदान जेवायच्या वेळी ती टेबलाशी सगळ्यांसोबत बसलेली असते.

म्हणून फ्रेंच पद्धत करून पाहायची असेल, तर एकटीनं नको, घरानं मिळून करा. वाइन, क्रोसाँ आणि बारीक कमरेचा हट्ट तिकडेच राहू द्या. ठरलेली वेळ, बेताचं पान, मोकळ्या मनानं खाल्लेलं थोडं गोड आणि घरातल्या सगळ्यांची एक पंगत एवढं घ्या. महिनाभरात वजन किती उतरेल, हे माणसागणिक वेगळं असेल. पण घरातली बाई गरम जेवू लागेल, मुलं एकाच ताटात भाजी पाहू लागतील आणि रात्रीच्या वीस मिनिटांत दिवसभराच्या गप्पा होतील. सुरुवात आज रात्रीच्या जेवणापासून करता येईल. पोळ्या झाल्या की गॅस बंद करा आणि सगळे एकदम बसा.